परदेशी जायच्या आधी: घड्याळबदलाची तारीख बघा, मग मापं, मग बाकीचं

तिकीट हातात आलं की सगळे बॅगेच्या मागे लागतात. बॅग शेवटच्या दिवशी भरली तरी चालते. पासपोर्ट, व्हिसा, प्लगचा अडॅप्टर यावर मी काही लिहीत नाही, ते कोणीही सांगेल.

सगळ्यात आधी हे करा: जिथे जायचंय तिथे, आणि ज्या ज्या देशातल्या माणसांशी ठरलेल्या वेळी बोलायचंय तिथेही, घड्याळ कोणत्या तारखेला पुढे-मागे होतं ते शोधा आणि कॅलेंडरमध्ये टाका (बऱ्याच देशांत उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे करतात आणि नंतर मागे आणतात). नुसता "इतक्या तासांचा फरक" पाठ करून भागत नाही. मी तेवढंच केलं होतं आणि नोकरीच्या मुलाखतीच्या कॉलवर तासभर उशिरा पोचलो, तोवर समोरचे उठून गेले होते. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये ५ ऐवजी ४ तासांचाच फरक असतो. परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या, म्हणजे तेव्हाही एक आठवडा तोच घोळ. दक्षिण गोलार्धात तर उलटंच चालतं, सिडनीचं घड्याळ ऑक्टोबरमध्ये पुढे जातं आणि एप्रिलमध्ये मागे येतं, म्हणून लंडन-सिडनी फरक वर्षात कधी ११ तास, कधी १०, कधी ९. एकाच देशातही सरसकट धरू नका. अमेरिकेत ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई घड्याळ बदलतच नाहीत, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड बदलत नाही. आणि "आमच्याकडे घड्याळ बदलत नाही, आम्हाला काय त्याचं" असं म्हणू नका, समोरच्याचं बदलतं ना, मग फरक बदलणारच.

फोन आपोआप बदलेल हे बरोबर, पण त्याच्याकडे नवे नियम पोचलेले असतील तरच. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात घड्याळबदल बंद केला, इजिप्तने २०२३ मध्ये परत सुरू केला, आणि लेबनॉनमध्ये मार्च २०२३ ला सरकारने ऐनवेळी तारीख पुढे ढकलली तेव्हा काही दिवस एकाच देशात दोन वेगवेगळ्या वेळा चालल्या. म्हणून निघायच्या आठवड्यात तारीख पुन्हा बघा. खरंच पुन्हा बघा.

कॉल ठरवताना शहराचं नाव लिहा, "ईएसटी", "आयएसटी" असली प्रमाणवेळेची अक्षरं नको. आयएसटी भारताचीही असते, आयर्लंडची आणि इस्रायलचीही. अर्ध्या-पाऊण तासाचे फरकही असतात, नेपाळ जागतिक वेळेच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे. इथिओपियात लोक सकाळपासून तास मोजतात, आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १, तेव्हा स्थानिक माणसाने वेळ दिली की कोणत्या घड्याळाने ते विचाराच.

तारखा. ०३/०४ म्हणजे अमेरिकेत ४ मार्च, बऱ्याच ठिकाणी ३ एप्रिल. फॉर्म भरताना महिना अक्षरात लिहा, विषय संपला. थायलंडमध्ये पाकिटावर वर्ष २५६९ दिसलं तर घाबरू नका, ५४३ वजा करा. विमान १५ तारखेला रात्री १२:३० चं असेल तर विमानतळावर १४ च्या रात्री जायचं असतं, ही चूक फार लोक करतात.

आता औषधं, इथे आळस नको. रक्तातली साखर काही देशांत मिलिग्रॅममध्ये सांगतात, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ ने भागायचं, १२६ म्हणजे ७. परदेशी डॉक्टरसमोर नुसता आकडा बोलू नका, एकक बोला. मुलांचं वजन किलोत लिहून ठेवा, डोस त्यावर ठरतो आणि पौंडाचा आकडा किलो समजला गेला तर डोस दुपटीच्या वर जातो. आणि हे कसलेल्या माणसांकडूनही होतं: १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या विमानात इंधनाचा हिशोब किलोऐवजी पौंडाच्या आकड्याने झाला आणि आकाशात दोन्ही इंजिनं बंद पडली, वैमानिकांनी ते नुसतं तरंगत कॅनडातल्या गिमली गावी उतरवलं म्हणून सगळे वाचले. ताप १०० फॅरनहाइट म्हणजे ३७.८ सेल्सियस, एवढं तरी पाठ करा.

गाडी चालवणार असाल तर ब्रिटन आणि अमेरिकेत पाट्या मैलात असतात, ६० मैल म्हणजे साधारण ९७ किलोमीटर. उत्तर आयर्लंडमधून आयर्लंडमध्ये शिरलात की पाट्या किलोमीटरच्या होतात, तिथे चुकू नका. गॅलनही दोन, अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा, ब्रिटनचा ४.५४६ चा, त्यामुळे ॲव्हरेजचे आकडे तसेच्या तसे जुळवू नका. टायरची हवा ३२ पीएसआय म्हणजे साधारण २.२ बार.

स्वयंपाक करणार असाल तर कप बघा, अमेरिकेचा साधारण २४०, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २०० मिली. छोटा वजनकाटा न्या, ग्रॅममध्ये मोजा. बूट सेंटीमीटरवर घ्या. कागद अमेरिकेत ए४ पेक्षा आखूड आणि रुंद असतो, प्रिंट कापली जाते. जर्मनीत १.५०० म्हणजे दीड हजार, दीड नव्हे. ब्रिटनचा फर्स्ट फ्लोअर अमेरिकेत सेकंड होतो.

पोचल्यावर: हातातलं घड्याळ लावा, वजन आणि औषधांचा कागद पाकिटात ठेवा, पुढच्या महिन्याभरातले सगळे कॉल उघडून घड्याळबदल मधे येतोय का ते तपासा, येत असेल तर समोरच्याला आजच मेसेज करा, उद्यावर टाकू नका. बॅग २३ किलो म्हणजे साधारण ५० पौंड.