पोस्टडॉकचा मेल पाठवताय? आधी ‘अधिक-उणे किती’ ते काढा

शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर (पदार्थाच्या अतिपातळ थरांवर) पीएचडी संपत आली की पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधन-नोकरीसाठी, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “कोरियात कोण ओळखीचं आहे का?” मीही तोच विचारला होता. ओळखीने मुलाखत मिळाली, पण नोकरी गेली ती एका प्रश्नावर.

स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून) ४५० अंशांवर काचेवर झिंक ऑक्साइडचा थर दिला होता. जाडी सांगितली ४२० नॅनोमीटर. समोरच्या मॅडमनी विचारलं, “अधिक-उणे किती?” मी गप्प.

घरी येऊन हिशोब मांडला. जाडी मी वजनातल्या फरकावरून काढली होती. अख्ख्या स्लाइडवर थराचं वजन जेमतेम साडेचार मिलिग्रॅम, आणि वजनकाट्याचा लीस्ट काउंट (त्याला कळणारा सगळ्यात लहान फरक) ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे काटा एक घर हलला की जाडी १० नॅनोमीटरनी हलते! वर घनता घेतली पुस्तकातली, सलग झिंक ऑक्साइडची. आपला थर तर सच्छिद्र. तो ‘४२०’चा शून्य निव्वळ हौसेचा होता.

मापनशास्त्राच्या प्रयोगशाळेला नेमकं हेच बघायचं असतं. म्हणून मेलमध्ये पेपरांची यादी खाली ढकला. वर तुमचं एक माप, त्याची अनिश्चितता (तेच ‘अधिक-उणे’) आणि ती कुठून आली, एवढं चार ओळींत लिहा. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) केलंय? मग मशीन सिलिकॉन पावडरवर तपासलं होतं का, सिलिकॉनचं आलेखातलं पहिलं शिखर २८.४४ अंशांवर आलं का, तेही लिहा. शिरोलीच्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या मशीनवर) बसणारा पोरगासुद्धा आधी स्टँडर्ड तुकडा लावतो, मग आपला. आम्ही पीएचडीवाले थेट आपलाच लावायचो.

आता जागा. अमेरिकेच्या निस्टमधली (राष्ट्रीय मापन संस्थेतली) एनआरसी नावाची पोस्टडॉक फक्त तिथल्या नागरिकांना मिळते, त्यावर वेळ घालवू नका. जर्मनीत ब्राउनश्वाइगची पीटीबी, तिथली राष्ट्रीय मापन संस्था, आहे. तिथल्या शास्त्रज्ञाने होकार दिला तर हम्बोल्ट फेलोशिपचा (परदेशी संशोधकांना जर्मनीत काम करण्यासाठी मिळणाऱ्या वेतनाचा) अर्ज करता येतो, फक्त पीएचडीला चार वर्षांहून जास्त झालेली नकोत. मटेरियल्समध्येच राहायचं असेल तर जपानच्या त्सुकुबातली निम्स ही पदार्थविज्ञानाची संस्था, कोरियात मापनासाठी देजॉनची क्रिस. घराजवळ हवं तर दिल्लीची एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा). देशाचा किलोग्रॅम सांभाळणारी संस्था तीच.

फेलोशिप कुठलीही असो, यजमान आधी, अर्ज नंतर. त्याचे अलीकडचे दोन पेपर वाचा आणि त्यातल्या एका आलेखावर खरोखर पडलेला प्रश्न विचारा. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा एकच मेल पन्नास जणांना पाठवलात तर तो वाचताक्षणी ओळखू येतो.

आणि कोरियाला मेल पाठवताना वेळ बघा. तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. रविवारी रात्री तांबडा-पांढरा ओरपून झोपायच्या आधी मेल शेड्यूल करून ठेवा.