हेल्मेटच्या आधी आराखडा: बांधकामाच्या जागेची आखणी करताना या चुका टाळा

२९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कोंढवा भागात मुसळधार पावसात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या खोल्यांवर कोसळली आणि लहान मुलांसह १५ जणांचा बळी गेला. ते सारे झोपेत होते. कामावर असताना वापरायचे हेल्मेट, पट्टे आणि बूट त्यांच्या काहीही उपयोगाचे नव्हते, कारण खोल्या कोठे बांधायच्या हे ठरले त्याच दिवशी त्यांच्यावरील धोकाही ठरून गेला होता. सुरक्षेची चर्चा आपल्याकडे बहुधा हेल्मेटपासून सुरू होते आणि तेथेच संपते. माझ्या मते ती साइटच्या आराखड्यापासून सुरू व्हायला हवी. येथे ज्या चुकांविषयी लिहीत आहे, त्यांतील बहुतेक पहिली वीट रचण्यापूर्वीच झालेल्या असतात.

उरलेल्या कोपऱ्यात मजुरांची वस्ती

आराखडा करताना आधी इमारतीची जागा, मग क्रेन, लोखंड कापण्याची जागा, सिमेंटचे गोदाम आणि साइट ऑफिस दाखवले जाते. या सगळ्यातून उरलेली पट्टी मजुरांच्या वाट्याला येते, आणि ती बहुतेक वेळा सीमाभिंतीलगत किंवा कापलेल्या मातीच्या पायथ्याशी असते. भिंतीचा आधार मिळतो, एका बाजूचे पत्रे वाचतात, म्हणून मुकादमालाही ती जागा सोयीची वाटते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कुंपणाची भिंत माणसे आणि जनावरे अडवण्यासाठी बांधलेली असते. मातीचा रेटा पेलण्यासाठी तिची रचना केलेली नसते. शेजारच्या बाजूला भराव टाकलेला असेल किंवा आपल्या बाजूने खोदाई करून तिचा पाया उघडा पडला असेल, तर तीच भिंत नकळत मातीला थोपवून धरू लागते. उन्हाळाभर ती उभी राहते. पावसाळ्यात भराव पाण्याने भरला, की मातीच्या रेट्यात पाण्याचा दाब मिळतो, आणि ३ मीटर खोलीवर एकट्या पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३ टन होतो. निचऱ्याची छिद्रे ठेवलेलीच नसतील किंवा ती गाळाने बुजलेली असतील, तर हा सगळा भार एकविटेच्या किंवा डबराच्या भिंतीवर येतो.

भिंतीचा ओळंबा सुटणे (म्हणजे ती सरळ उभी न राहता कलणे), खालच्या भागात आडवी भेग पडणे, पूर्वी कोरड्या असलेल्या जागी ओल येणे आणि सांध्यांतून गढूळ पाणी झिरपणे ही त्याची पूर्वचिन्हे होत. गढूळ पाणी हे सर्वांत वाईट चिन्ह आहे, कारण पाण्याबरोबर मातीही वाहून जात आहे असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी आधी भिंतीजवळची माणसे हलवावीत आणि मोजमाप व दुरुस्तीचा विचार त्यानंतर करावा. नव्या साइटवर मी स्वतः असा नियम पाळतो की, भिंतीची उंची आणि तिच्या खालच्या खोदाईची खोली यांची बेरीज करावी आणि त्याच्या किमान दीडपट अंतराच्या आत एकही खोली बांधू नये. जागाच नसेल तर वस्ती साइटच्या बाहेर भाड्याच्या जागेत न्यावी. त्याचा खर्च येतो, पण तो प्रकल्पाच्या खर्चात धरलाच पाहिजे. मजुरांना तात्पुरता निवारा पुरवण्याची जबाबदारी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच मालकावर टाकली होती.

वस्तीतल्या पाण्याच्या टाकीकडेही असेच दुर्लक्ष होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीत मजुरांच्या वसाहतीतील तात्पुरती टाकी फुटून कोसळली आणि तिच्याजवळचे मजूर मृत्युमुखी पडले. १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन वजन. ते विटांच्या कच्च्या भिंतींत साठवायचे आणि अंघोळीचे नळ त्याच भिंतींना बसवायचे, म्हणजे रोज सकाळी सर्वाधिक माणसे नेमकी टाकीखाली उभी करायची. प्लॅस्टिकच्या टाक्या चोपून पक्क्या केलेल्या जमिनीवर ठेवाव्यात आणि नळ पाइप टाकून काही मीटर दूर न्यावेत. एवढ्याने प्रश्न मिटतो.

खोदाईची बाजू उभी राहिली म्हणून ती सुरक्षित मानणे

पुणे परिसरात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण असा थर पुष्कळ ठिकाणी आढळतो. मुरूम एप्रिल-मे महिन्यांत जवळजवळ उभा कापला तरी तसाच उभा राहतो, आणि त्यामुळेच फसगत होते. दोन-तीन महिने टिकलेली बाजू पुढेही टिकेल असे सर्वजण गृहीत धरतात. जूनमध्ये पाणी फटींत शिरते, वरची काळी माती फुगते आणि मुरमाचा थर काही सेकंदांत ढासळतो. एक घनमीटर माती दीड ते दोन टनांची असते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोके बाहेर असूनही श्वास घेऊ शकत नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा संहितेतील नियम सोपे आहेत. १.५ मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार किंवा पायऱ्या द्याव्यात, नाहीतर लाकडी वा पोलादी आधार द्यावा. १.२ मीटर किंवा त्याहून खोल चरात दर ३० मीटरला एक शिडी असावी आणि तिचे टोक जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर यावे. उपसलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अंतर जास्त असेल तितकी दूर टाकावी. यांतला शेवटचा नियम सर्वाधिक मोडला जातो, कारण पोकलेनच्या चालकाला जवळ माती टाकणे सोपे जाते आणि ती नंतर भरावासाठी लागणारच असते. माती कोठे जाणार हे आराखड्यावर दाखवलेले नसेल, तर ती काठावरच पडणार. त्याबद्दल चालकाला रागावण्यात अर्थ नाही.

काठाला समांतर भेग दिसली, तर पुष्कळ ठिकाणी ती सिमेंटच्या पाण्याने भरून काम चालू ठेवले जाते. त्यामुळे भेग झाकली जाते, पण सरकणे थांबत नाही. खालची माणसे बाहेर काढावीत, काठावरची माती, लोखंड आणि गाड्या हलवाव्यात, वरून येणारे पाणी चर काढून वळवावे, भेगेवर प्लॅस्टिक अंथरावे आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांमधील अंतर दर काही तासांनी लिहून ठेवावे. अंतर वाढत असेल तर बाजूला उतार दिल्याशिवाय किंवा आधार दिल्याशिवाय कोणालाही खाली सोडू नये.

तात्पुरत्या कामाला रचना न मानणे

इमारतीचा प्रत्येक खांब संरचना अभियंता हिशेबाने ठरवतो. तीच इमारत ज्याच्यावर उभी राहते ते सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला पेलणारा तात्पुरता साचा आणि आधार, मात्र मिस्त्रीच्या अंदाजावर सोडले जाते. १५० मिलिमीटर जाडीच्या ओल्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो असते, म्हणजे ४ बाय ५ मीटरच्या एका खोलीवर साडेसात टन. त्यात माणसे, पंपाचा पाइप आणि एकाच जागी ओतलेला काँक्रीटचा ढीग मिळवावा लागतो. जुलै २०१६ मध्ये बालेवाडीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचे काम कोसळून ९ मजूर ठार झाले होते.

सेंट्रिंग तपासताना मी प्रथम प्रॉपच्या, म्हणजे साच्याखालच्या उभ्या टेकूच्या, तळाशी पाहतो. विटेच्या तुकड्यावर किंवा पावसाने भिजलेल्या भरावावर उभा केलेला प्रॉप स्लॅब भरताना खचतो, आणि त्याचा भार शेजारच्या प्रॉपवर जातो. तळाशी फळी हवी. प्रॉप ओळंब्यात हवेत, आडव्या आणि तिरप्या पाइपांनी एकमेकांस बांधलेले हवेत, आणि पिनच्या जागी सळईचा तुकडा घातलेला नसावा. उंची कमी पडली म्हणून बल्लीला (लाकडी वाशाला) बल्ली जोडलेली दिसली, तर त्या दिवशी काँक्रीट मागवू नये.

स्लॅब भरताना सेंट्रिंगवाला खाली उभा राहून ठेपा ठोकत असतो. ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि मला ती अत्यंत घातक वाटते. साच्यापासून दोरीने वजने लोंबती सोडावीत आणि ती किती खाली येतात हे बाहेरूनच पाहावे. हालचाल दिसली तर आधी ओतणे थांबवावे आणि वरची माणसे उतरवावीत. भरलेला स्लॅब वाचवण्यासाठी कोणालाही खाली पाठवू नये.

सेंट्रिंग काढण्याची घाईही तितकीच वाईट. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखालचे प्रॉप किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस ठेवावे लागतात. ६ मीटरपेक्षा लांब तुळईसाठी ही मुदत २१ दिवसांची आहे. फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेले सिमेंट असेल तर ही मुदत वाढवावी लागते. शिवाय वरचा स्लॅब भरला जातो तेव्हा त्याचा भार खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतो, म्हणून खालच्या मजल्यांचे प्रॉप ठरलेली मुदत संपली तरी सरसकट काढता येत नाहीत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात पायाच्या कामावर उभारलेली लोखंडी जाळी कोसळून ५ मजुरांचा जीव गेला. जाड राफ्टच्या (इमारतीखालच्या सलग पायाच्या) सळयांची वरची जाळी खालच्या चेअरवर, म्हणजे वाकवलेल्या सळयांच्या आधारांवर, तोललेली असते. काँक्रीट पडेपर्यंत ती एक स्वतंत्र, अस्थिर रचना असते आणि आडवे बल तिला पेलवत नाही. चेअरचा व्यास, त्यांतील अंतर आणि तिरपे आधार यांचा हिशेब कागदावर असायलाच हवा. सळयांची भारी मोळी क्रेनने वरच्या जाळीवर एकाच ठिकाणी उतरवू नये.

डक्ट आणि वीज

डक्टवर (पाइप नेण्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या उभ्या पोकळीवर) टाकलेला प्लायचा तुकडा हे झाकण नव्हे, तो सापळा आहे. कोणीतरी तो दुसऱ्या कामासाठी उचलतो आणि मागे येणारा खाली पडतो. शक्य तेथे स्लॅबच्या सळया डक्टमधून सलग ठेवाव्यात आणि नळाचे काम येईल तेव्हाच त्या कापाव्यात.

विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) वारंवार पडू लागला, की त्याला बगल देऊन थेट जोडणी केली जाते. तो पडतो याचाच अर्थ कोठेतरी गळती आहे. एकेक यंत्र सोडवून पुन्हा लावत गेले की दोषी यंत्र सापडते; बहुतेक वेळा ते व्हायब्रेटर किंवा पाण्यातून ओढलेली केबल निघते.

एकच आराखडा शेवटपर्यंत चालवणे

खोदाईच्या वेळी ट्रक फिरायला सोयीचा असलेला रस्ता तळघराच्या भिंती उभ्या राहिल्यावर बंद होतो, आणि मग गाड्या फाटकातून उलट येऊ लागतात. मागे सरकणारा ट्रान्झिट मिक्सर आणि त्याच वाटेने चालणारे मजूर, ही गाठ आराखडा वेळेवर न बदलल्याने पडते. खोदाई, सांगाडा आणि अंतर्गत काम या तीन टप्प्यांसाठी तीन वेगळे आराखडे करावेत, आणि पावसाळ्यासाठी चौथा. प्रत्येकात गाड्यांची व माणसांची वाट वेगळी दाखवावी, साठ्याची जागा पुन्हा ठरवावी (सिमेंटची थप्पी १० पोत्यांहून उंच नको) आणि पाणी कोणत्या बाजूने बाहेर जाणार हे बाणांनी दाखवावे.

हे आराखडे ऑफिसच्या भिंतीवर लावून भागत नाही. बिहार, बंगाल किंवा मराठवाड्यातून काल रात्री आलेल्या मजुराला ते वाचता येणार नाहीत. त्याला घेऊन एकदा पूर्ण साइट फिरावी आणि कोठे जायचे नाही हे त्याच्याच तोंडून परत वदवून घ्यावे. नुसती सही घेण्यापेक्षा हे अधिक खात्रीचे.

प्रत्येक आराखडा बदलला, की मी एक चाचणी घेतो. चार माणसे स्ट्रेचर घेऊन सर्वांत वरच्या स्लॅबवर किंवा सर्वांत खोल खड्ड्यात उभी करतो, आणि तेथून फाटकापाशी, १०८ ची रुग्णवाहिका थांबू शकेल त्या जागी, पोहोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजतो. मागच्या पावसाळ्याआधी एका साइटवर ही वाट लोखंडाच्या ढिगाने अडलेली निघाली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावरही अडकले, म्हणून त्याच संध्याकाळी ढीग हलवला आणि बाहेरून दुसरा, रुंद जिना बांधून घेतला.