सराउंड साउंड ऐकवायला सिनेमा निवडताय? या चुका टाळा

घरात नवा फाइव्ह पॉइंट वन सेट (पुढे तीन, मागे दोन असे पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक वूफर) बसला की पहिल्या रविवारी काय होतं, ते कोल्हापुरात तरी ठरलेलं आहे. भावकी, शेजारी, तालमीतले मित्र हॉलमध्ये जमतात आणि मालक त्याच्याकडचा सगळ्यात दणदणीत सिनेमा लावतो. गाड्या उडतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, लोक ‘लय भारी’ म्हणतात. पण मागच्या दोन स्पीकरांतून त्या अर्ध्या तासात काय ऐकू आलं, असं विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. बऱ्याच घरांत मागून काही आलेलंच नसतं. एवढा खर्च करून, भिंती फोडून वायरी ओढून, शेवटी पुढच्या दोन स्पीकरांवर आणि वूफरवरच सिनेमा पाहिला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोष सेटचा क्वचितच असतो. सिनेमाची निवड चुकते, किंवा निवड बरोबर असून तो चुकीच्या वाटेने वाजवला जातो.

दणका म्हणजे सराउंड, हा समज

मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे उभं राहून छाती हादरवून घ्यायची आपल्याला सवय आहे. तीच अपेक्षा आपण घरच्या हॉलकडून ठेवतो आणि स्फोटांचे सिनेमे निवडतो. पण स्फोटाचा आवाज बहुतेक वेळा पुढच्या तीन स्पीकरांत आणि सबवूफरमध्येच असतो. ‘पॉइंट वन’ हा चॅनल, म्हणजे वूफरची स्वतंत्र आवाजवाट, तर फक्त १२० हर्ट्झपर्यंतच्या खोल आवाजांसाठी राखलेला आहे, आणि इतका खोल आवाज नेमका कुठून आला हे कानाला नीट कळतही नाही. म्हणजे ज्यावर आपण खूश होतो, त्याचा दिशेशी फारसा संबंधच नसतो.

सराउंडचं काम वेगळं आहे. खासबाग मैदानात कुस्ती बघायला बसल्यावर पाठीमागून उठलेली आरोळी, डावीकडची शिट्टी, वरच्या पायऱ्यांवरची कुजबुज हे सगळं मान न वळवता जागच्या जागी कळतं. आपण मैदानात आहोत हे डोळ्यांइतकंच कानही सांगत असतात. चांगल्या सराउंड मिक्सने हेच करायचं असतं. म्हणून सिनेमा निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: या प्रसंगात पडद्याबाहेर काही घडतंय का? पाऊस, गर्दी, जंगल, जहाज, पाठीमागून येणारं माणूस. असं काही असेल तर मागचे स्पीकर कामाला लागतात. सगळं पडद्याच्या चौकटीतच घडत असेल, तर कितीही दणका असला तरी ते गप्पच राहणार.

सिनेमा बरोबर, ट्रॅक चुकीचा

सर्वांत जास्त घरांत गाडी अडते ती इथे, म्हणून जरा तपशिलाने सांगतो.

ओटीटीवर एकाच सिनेमाचे अनेक ऑडिओ ट्रॅक असतात. मूळ भाषेचा ट्रॅक ५.१ किंवा अ‍ॅटमॉस (डॉल्बीची, वरूनही आवाज येणारी पुढची पद्धत) असतो, पण हिंदी डबिंगचा ट्रॅक कित्येकदा साधा स्टिरिओ, म्हणजे दोनच चॅनलचा, असतो. घरच्यांना समजावं म्हणून आपण हिंदी लावतो, आणि मग ‘मागचे स्पीकर बंद पडले’ म्हणून सेट बसवणाऱ्याला फोन जातो. आधी ऑडिओच्या मेनूत जाऊन कुठल्या भाषेपुढे ५.१ लिहिलंय ते बघा. प्रात्यक्षिकासाठी मूळ भाषा आणि खाली सबटायटल, हाच उत्तम मार्ग. दहा मिनिटांच्या तुकड्यासाठी कुणाची हरकत नसते. नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस हवं असेल तर प्रीमियम प्लॅन लागतो. त्याखालच्या प्लॅनवर तो ट्रॅक दिसणारच नाही.

दुसरी जागा टीव्हीची. अ‍ॅप टीव्हीतच चालत असेल तर आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या डब्याकडे, जातो, आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं असेल तर बहुतेक वेळा फक्त दोनच चॅनल बाहेर पडतात. तिथे ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ हवं. ऑप्टिकल केबल जोडली असेल तर तिच्यातून जास्तीत जास्त साधं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस (या दोन्ही सराउंड आवाज साठवायच्या पद्धती) ५.१ जातं, अ‍ॅटमॉस जात नाही. त्यासाठी एचडीएमआयचं एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीतला आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारी सोय) वापरावं लागतं, आणि केबल टीव्हीच्या नेमक्या त्याच नाव लिहिलेल्या पोर्टमध्ये घालावी लागते. पेन ड्राइव्हवरून सिनेमा लावला आणि चित्र आलं पण आवाजच नाही, असं झालं तर घाबरू नका. काही टीव्ही डीटीएस ट्रॅक वाजवतच नाहीत, त्यामुळे ती फाइल दुसऱ्या प्लेअरवरून लावून बघा. मोबाइलची स्क्रीन टीव्हीवर टाकून लावलेला सिनेमा किंवा यूट्यूबवरचे बहुतेक ‘५.१ टेस्ट’ व्हिडिओ शेवटी स्टिरिओच निघतात. केबलवर लागणाऱ्या बहुतेक सिनेमांचंही तसंच.

हे सगळं तपासायचा सोपा उपाय म्हणजे रिसीव्हरचा डिस्प्ले. सिनेमा सुरू झाल्यावर तिथे डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, अ‍ॅटमॉस, डीटीएस किंवा मल्टी चॅनल असं दिसलं तर माल नीट पोचला. ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम २.०’ दिसलं तर वाटेत कुठेतरी गळती आहे. नुसतं ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ दिसलं तर साधारणपणे रिसीव्हर दोन चॅनलच्या आवाजातून स्वतःच अंदाजाने बाकीचे स्पीकर भरतोय असं समजा.

डिस्प्लेवरही भरवसा वाटत नसेल तर उठा आणि कान मागच्या एका स्पीकरजवळ न्या. पुढे जे वाजतंय तेच जसंच्या तसं मागेही वाजत असेल, तर रिसीव्हर ‘ऑल चॅनल स्टिरिओ’वर आहे. वाढदिवसाच्या गाण्यांना तो मोड ठीक, सिनेमाचा मात्र तो नाश करतो. संवादसुद्धा पाठीमागून यायला लागतात आणि दिशा नावाची गोष्टच उरत नाही.

मग लावायचं काय?

अख्खा सिनेमा लावू नका. पाहुण्यांसमोर दोन तास सराउंड ‘दाखवता’ येत नाही, कान दमतात. पाच-दहा मिनिटांचे तीन-चार प्रसंग आधीच काढून, वेळ लिहून ठेवा.

माझी पहिली शिफारस ‘रोमा’ (२०१८). कृष्णधवल, स्पॅनिश, पार्श्वसंगीत नाहीच, त्यामुळे घरच्यांची पहिली प्रतिक्रिया थंड असेल याची कल्पना आहे. तरीही लावा. दिग्दर्शक अल्फान्सो क्वारोन यांनी मेक्सिको सिटीतलं सत्तरच्या दशकातलं घर आणि रस्ता आवाजातून उभा केलाय. सुरुवातीलाच फरशीवर ओतलेलं पाणी, कुत्री, डोक्यावरून जाणारं विमान. कॅमेरा वळतो तसे आवाजही खोलीभर सरकतात, बोलणारं माणूस चौकटीबाहेर गेलं की त्याचा आवाजही बाजूला जातो. शेवटाकडे समुद्राचा प्रसंग आहे. तिथे लाटा तुमच्या दोन्ही कुशींना येऊन आदळल्या नाहीत, तर मागच्या स्पीकरांची पातळी कमी आहे असं खुशाल समजा.

‘मास्टर अँड कमांडर’ (२००३) मध्ये सुरुवातीलाच धुक्यातला हल्ला आहे. या सिनेमाला साउंड एडिटिंगचं ऑस्कर मिळालं. लोक तोफांसाठी तो लावतात, पण मी तोफांच्या आधीची मिनिटं ऐकायला सांगेन: लाकडी जहाजाचं करकरणं, दोरखंड, दूरची घंटा. आपण जहाजाच्या पोटात बसलोय असं वाटायला लागतं, आणि मग पहिला गोळा येतो तेव्हा त्याला अर्थ असतो.

‘अपोकॅलिप्स नाउ’ (१९७९) ऐतिहासिक कारणासाठी. सुरुवातीला पडदा जवळजवळ शांत आणि हेलिकॉप्टरचा आवाज खोलीभर फिरतो. सिनेमाचे ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च यांनी त्यासाठी डावे आणि उजवे मागचे चॅनल वेगळे केले, आणि आज आपल्या हॉलमध्ये जी ५.१ मांडणी आहे तिची मुळं तिथे सापडतात. तो आवाज एखाद्या कोपऱ्यात अचानक गायब होत असेल, तर त्या कोपऱ्यातला स्पीकर किंवा त्याची वायर तपासा. मागचा डावा-उजवा उलटा जोडला गेलाय का, हेही इथेच कळतं, कारण फेरीचा क्रम मध्येच तुटतो.

मुलं असतील तर ‘जुरासिक पार्क’ (१९९३), पाण्याच्या ग्लासात तरंग उठतात तो प्रसंग. सबवूफरची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही. पाऊल दूर पडतंय, मग जवळ. प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा. सलग घरघर ऐकू आली तर वूफर कोपऱ्यात कोंबलाय.

आपल्याकडच्या सिनेमांत ‘तुंबाड’ (२०१८) मधला पाऊस नक्की ऐका, पण आधी ट्रॅक ५.१ आहे ना ते बघून. ‘लगान’ (२००१) चे संवाद शूटिंगच्या जागीच ध्वनिमुद्रित केलेले आहेत, स्टुडिओत नंतर चिकटवलेले नाहीत. शेवटच्या सामन्यातली गावकऱ्यांची गर्दी आणि तिच्यातूनही स्वच्छ येणारे संवाद, दोन्ही तपासायला चांगलं. ‘सैराट’ (२०१६) चं वाद्यवृंदाचं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. ते ऐकावं जरूर, पण पुढच्या स्पीकरांची श्रीमंती ऐकण्यासाठी. त्यातून दिशांचा खेळ ऐकवायला जाल तर निराशा होईल.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून सेंटर स्पीकरला दोष देणं

सेंटर म्हणजे टीव्हीखालचा, मुख्यतः संवादांचा मधला स्पीकर. ‘टेनेट’ (२०२०) लावून त्याच्याबद्दल निकाल देऊ नका. त्यातले संवाद दबलेले आहेत अशी तक्रार जगभरच्या थिएटरांतून झाली होती. आधी साध्या बोलण्याचा एखादा सिनेमा लावा. तिथेही संवाद दबत असतील तर सेंटर टीव्हीच्या कपाटात खोल गेलाय का बघा. तो फळीच्या कडेला ओढा, तोंड थोडं वर, बसणाऱ्याच्या कानाकडे करा आणि पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. रात्री मुलं झोपल्यावर बघत असाल तर रिसीव्हरचा नाइट मोड उपयोगी आहे, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक वर आणतो. पण पाहुण्यांपुढे तो बंदच हवा, नाहीतर सगळा चढउतार सपाट होतो.

जुने सिनेमे ५.१ वर ताणणं

ज्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली उभी राहिली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ तयार झाला, त्या गावातल्या घरात जुना मराठी सिनेमा लागणारच. लागावा. पण तो मोनो आहे, एकाच आवाजवाटेचा. तो पाच स्पीकरांत पसरवला की संवाद पोकळ आणि लांबचे वाटतात. त्याऐवजी, दोन्ही बाजूंना सारखाच आवाज असला की ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ मोड तो आपोआप सेंटरकडे पाठवतो, आणि आजी-आजोबांना शब्द न् शब्द कळतो. जुन्या सिनेमाच्या डिस्कवर ५.१ छापलेलं असलं तरी ते नंतर तयार केलेलं असू शकतं. मागच्या स्पीकरजवळ कान नेण्याची परीक्षा इथेही लागू.

खोली विसरणं

आपल्या फ्लॅटमधला हॉल म्हणजे वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला काचेचा सरकता दरवाजा आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. अशा खोलीत टाळी वाजवून बघा, आवाज घुमतो. सिनेमातला पाऊस तिथे नुसता खरखराट होतो. जमिनीवर जाड सतरंजी किंवा घोंगडं टाका, काचेवर जाड पडदा ओढा. फरक लगेच ऐकू येईल, खर्च जवळजवळ नाही.

सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेता आला तर घ्या. नसेल जमत तर मागचे स्पीकर भिंतीवर पाठीमागे न लावता बाजूच्या भिंतींवर, बसणाऱ्याच्या किंचित मागे, कानाच्या पातळीपेक्षा थोडे वर लावा. ५.१ साठी समोरून मोजलेला ११० ते १२० अंशांचा कोन सांगितला जातो. म्हणजे ते जवळजवळ बाजूलाच येतात, डोक्यामागे नाही. वूफरसाठी एक जुनी युक्ती आहे: वूफर बसायच्या जागेवर ठेवा, खोल आवाजाचा प्रसंग लावा आणि जमिनीलगत खोलीभर फिरा. जिथे ठोके सुटे आणि भरीव ऐकू येतात, ती वूफरची जागा.

आणखी एक गोष्ट वेळेची. जुलैच्या संध्याकाळी गॅलरीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) लावू नका. त्या सिनेमाचा सगळा थरार शांततेत आहे. पंखाही बंद करावा लागतो.

शांततेची परीक्षा न घेणं

‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) सुरू होतो तेव्हा आवाज चढत चढत जातो आणि एकदम तुटतो. त्या क्षणी खोली निःशब्द व्हायला हवी. तेव्हा स्पीकरांतून गुणगुण ऐकू आली तर बहुधा अर्थिंगची किंवा केबलची अडचण आहे. पेठांमधल्या जुन्या घरांत, जिथे वायरिंग पिढ्यान्‌पिढ्या जोडत गेलंय, तिथे हे जास्त होतं. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, रिसीव्हर एकाच बोर्डावर घ्या. मग बॉक्सची केबल काढून बघा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. नाही थांबली तर वायरमनला बोलवून अर्थिंग मोजून घ्या, स्पीकर बदलू नका.

हे निस्तरल्यावर त्याच सिनेमात पुढे जा. अंतराळवीर गोल गोल फिरत असताना रेडिओवरचे आवाज खोलीत तुमच्याभोवती फिरतात. पाहुण्यांना मधल्या जागेवर बसवा, स्वतः कडेला बसा आणि मधेच अर्धा मिनिट रिसीव्हर स्टिरिओवर टाकून पुन्हा सराउंडवर आणा. बोलून समजावण्याची गरज उरत नाही.