अँटीव्हायरसने अडवलेला गेम पुन्हा चालू कसा करावा

‘अँटीव्हायरस बंद करा आणि खेळा’ हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. विंडोज डिफेंडर (विंडोजमध्येच येणारा अँटीव्हायरस) याचं रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे सतत चालू असणारी तपासणी, बंद केलं, तरी काही वेळाने ते आपोआप चालू होतं आणि गेमची फाइल पुन्हा उचलतं. मधल्या वेळात अख्खा कॉम्प्युटर उघड्यावर पडतो, तो वेगळाच. अडलेली असते एखादी फाइल; तेवढीच सोडवायची.

गेम क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेला असेल, तर इथेच थांबा. अशा फाइलींमध्ये पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम बऱ्याचदा खरोखर दडवलेले असतात. तिथे अँटीव्हायरस त्याचं काम करतोय, त्याला करू द्या. पुढचं सगळं स्टीम, एपिक, जीओजी अशा ठिकाणांहून रीतसर घेतलेल्या गेमसाठी आहे.

आधी विंडोज सिक्युरिटी उघडून ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. कोणती फाइल, कोणत्या फोल्डरमधून आणि कोणत्या नावाखाली पकडली, हे तिथे दिसतं. धोक्याच्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि ‘एमएल’ असेल, तर तो मशीन लर्निंगने बांधलेला अंदाज असतो. नव्या, डिजिटल सही (फाइल कोणी बनवली याची खूण) नसलेल्या छोट्या गेमवर असा अंदाज बऱ्याचदा चुकतो. पण तेवढ्यावरून फाइल निर्दोष ठरत नाही.

आता खरी अडचणीची पायरी. मी इथे पुष्कळ अडखळलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो. बहुतेक जण आधी पकडलेली फाइल परत आणणारं ‘रिस्टोअर’ दाबतात. फाइल परत येते, गेम उघडायला जावं तर पुन्हा गायब. क्रम उलटा हवा: आधी एक्सक्लूजन, म्हणजे तपासणीतून सूट, मग फाइल. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’, तिथे खाली ‘अ‍ॅड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स’. ‘अ‍ॅड’ दाबलं की फाइल, फोल्डर, फाइल टाइप, प्रोसेस असे पर्याय येतात. गेम म्हणजे प्रोग्रॅम, म्हणून ‘प्रोसेस’ निवडावासा वाटतो. निवडू नका! त्याने तो प्रोग्रॅम ज्या फाइली उघडतो त्यांना सूट मिळते, खुद्द प्रोग्रॅमच्या फाइलीला नाही. ती पुन्हा पकडली जाते आणि आपण सेटिंग चालत नाही म्हणून डोकं धरून बसतो.

‘फोल्डर’ निवडा, आणि तोही फक्त त्या एका गेमचा. स्टीममध्ये तो ‘स्टीमअ‍ॅप्स’मधल्या ‘कॉमन’च्या आत असतो. अख्ख्या स्टीमला किंवा, त्याहून वाईट म्हणजे, डाउनलोड्सला सूट देऊ नका. पुढे तिथे काहीही येऊन पडलं तरी कोणी तपासणार नाही. क्विक हीलसारखा दुसरा अँटीव्हायरस असेल तर डिफेंडर मागे सरकलेला असतो. सूट त्या दुसऱ्याच्याच सेटिंगमध्ये द्यायची.

मग स्टीममध्ये गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’ आणि तिथून ‘व्हेरिफाय’. गायब झालेली फाइल मूळ ठिकाणाहून नव्याने येते. रिस्टोअरपेक्षा मला हेच भरवशाचं वाटतं. गेम चालवण्याआधी ती फाइल व्हायरसटोटलवर टाका; ही साइट एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देते. तिथल्या साठाहून जास्त अँटीव्हायरसांपैकी एखाद-दुसऱ्यानेच बोट दाखवलं तर बहुधा चुकीचा इशारा; डझनभरांनी दाखवलं तर सूट काढा, फाइल उडवा आणि गेम बनवणाऱ्यांना विचारा.

गेम उघडतो पण सेव्ह होत नाही? मग ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ बघा. ते चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये लिहायला अनोळखी प्रोग्रॅमला मज्जाव असतो, आणि कितीतरी गेम तिथेच सेव्ह करतात. ‘अलाव अ‍ॅन अ‍ॅप’मधून ‘रिसेंटली ब्लॉक्ड अ‍ॅप्स’ उघडा आणि त्यातलंच नाव निवडा. अनरियल इंजिन (गेम बनवण्याचं एक सॉफ्टवेअर) वापरलेल्या गेममध्ये बाहेर दिसणारी छोटी फाइल नुसती दार उघडणारी असते. खरा गेम आत ‘बायनरीज’मधल्या ‘विन६४’ फोल्डरमध्ये, नावाच्या शेवटी ‘शिपिंग’ असलेली फाइल असतो. परवानगी त्या फाइलीला हवी.

शेवटी फाइल ‘चुकीने पकडली’ म्हणून अँटीव्हायरस कंपनीला पाठवा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्यासाठी वेगळं पान आहे. अपडेट आल्यावर एक्सक्लूजन काढून गेम चालवून पाहा. चालला, तर ती सूट पुन्हा देऊ नका.