उतारगाडी अर्ध्यात थांबते? आधी बेअरिंग धुवा

मुलांसोबत बनवलेली छोटी उतारगाडी रॅम्पवर मध्येच थांबते, तेव्हा बहुतेक वेळा दोष बेअरिंगमधल्या जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसचा असतो. नवी चाकं घ्यायची गरज नाही, गॅरेजमधली जुनी बेअरिंगंच चाकं म्हणून चालतात.

१. गॅरेजवाल्याकडे काढून टाकलेली, ६२०१ आकडा कोरलेली चार बेअरिंगं मागा. आम्हाला तुर्भ्यात चहाच्या पैशांत मिळाली. भोक बरोबर १२ मिमी, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातली १२ची आटेवाली सळईच आस म्हणून चालते. दोन सळया पाइपच्या क्लॅम्पने फळीखाली बसवा.

२. रबरी झाकण असेल तर टाचणीने उचकटा. बेअरिंग रात्रभर डिझेलमध्ये बुडवा (हे काम मोठ्यांनीच करा), मग जुन्या टूथब्रशने काळं ग्रीस निघेपर्यंत घासा. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. बोटाने फिरवून कानाशी धरा. करकर ऐकू आली तर कचरा अजून आत आहे, पुन्हा धुवा. माझ्या लेकीला हे ऐकायचं काम फार आवडतं, आणि तिचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे.

३. बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना रुंद वॉशर नको, थेट नट लावा. नट फक्त आतल्या कड्याला टेकतो. रुंद वॉशर बाहेरच्या कड्याला घासतो आणि चाक जाम होतं.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन सळयांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजून सारखं करा. नेरुळला आमच्या सोसायटीच्या पार्किंग रॅम्पवर एवढ्यानेच ती सरळ धावली.

धुतलेलं बेअरिंग गॅरेजच्या हवेच्या पाइपने फिरवून वाळवू नका. ते भयंकर वेगाने फिरतं आणि फुटून तुकडे डोळ्यात जाऊ शकतात.