लाँगबोर्ड की शॉर्टबोर्ड: आधी वजन बघा, मग लाट

ओळीने उभ्या ठेवलेल्या सर्फबोर्डांत नवशिक्याची नजर हमखास सहा फुटी, टोकदार, पातळ बोर्डावर जाते. ऑलिंपिकमध्ये तोच दिसतो, काखेत मावतो, शिवाय टॅक्सीतही घालता येतो. पण शिकताना तो हाती आला, तर पहिला हंगाम उभं न राहताच संपतो. वजन टाकलं की तो पाण्याखाली बसतो, हात मारून पुरेसा वेग येत नाही आणि लाट खालून निघून जाते.

म्हणून लांबीच्याही आधी लिटर, म्हणजे बोर्डाचं आकारमान, बघा. बोर्डावर लांबी, रुंदी, जाडी आणि बहुतेक नव्या बोर्डांवर लिटरही लिहिलेले असतात. नऊ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद, तीन इंच जाड लाँगबोर्ड साधारण ७० लिटरचा भरतो. सहा फूट लांब, १९ इंच रुंद आणि सव्वादोन-अडीच इंच जाड शॉर्टबोर्ड २८ ते ३० लिटरचा. ढोबळ हिशेब असा: शिकणाऱ्याने किलोत जेवढं वजन तेवढे लिटर घ्यावेत, थोडे जास्त झाले तरी बिघडत नाही. ७० किलोच्या माणसाला ७० ते ८० लिटर. न फुटलेली लाट नियमित पकडून आडवं जाता येऊ लागलं, की हळूहळू ४०-४५ पर्यंत उतरता येतं. याच वजनाचा मुरलेला सर्फर २६-२८ लिटरवर खेळतो, पण त्याच्या खांद्यांत कित्येक वर्षांचं पॅडलिंग, म्हणजे हात मारत पुढे जाणं, असतं.

दुसरा प्रश्न लाटेचा. लाँगबोर्डचा तळ लांबवर सपाट असतो, त्यामुळे लाट नुसती फुगवटा असते तेव्हाच तो घसरायला लागतो. शॉर्टबोर्डला पुढे-मागे जास्त बाक असतो, त्याला रॉकर म्हणतात. उभ्या, पोकळ लाटेवरून उतरताना हा बाक बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसू देत नाही; संथ लाटेत मात्र तोच पाणी ढकलत बसतो. गोव्यात अश्वे, मांद्रे, हरमल या वाळूच्या किनाऱ्यांवर पावसाळा सरल्यावर बहुतेक दिवस गुडघ्याएवढ्या ते कमरेएवढ्या, मऊ लाटा येतात. तिथे शॉर्टबोर्ड घेऊन उतरणं म्हणजे चांगली सकाळ वाया घालवणं. कर्नाटकात मुल्कीजवळ नदीच्या मुखाशी वाळूचे बांध असतात. तिथे लाटेला धार आली, तर लहान बोर्डाचा उपयोग होतो. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावरचा खवळलेला समुद्र शिकणाऱ्यासाठी नाहीच, बोर्ड कुठलाही असो.

लाँगबोर्डवर झोपायची जागा आधी पक्की करा. नाक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहिलं पाहिजे. त्याहून पुढे सरकलात तर लाट उचलताच नाक घुसतं आणि तुम्ही पुढे फेकले जाता. मागे सरकलात तर नाक हवेत जातं, शेपूट ब्रेकसारखी पाणी अडवते आणि लाट सुटते. जागा सापडली की हनुवटी जिथे येते तिथे वॅक्सने (पाय घसरू नयेत म्हणून बोर्डावर घासायचं मेण) खूण करा. लाट दहा-बारा फुटांवर असताना पॅडल सुरू करा, बोर्ड उचलला गेल्याचं जाणवल्यावर आणखी दोन जोरदार हात मारा आणि मगच उठा. सगळ्यांत जास्त चूक इथेच होते: हात लवकर थांबतात.

शॉर्टबोर्डवर हा निवांतपणा नाही. लाट उभी होईपर्यंत थांबायचं, फुटण्याच्या जागेजवळ राहायचं आणि एका झटक्यात दोन्ही पाय बोर्डावर आणायचे. गुडघा टेकून उठायची सवय इथे चालत नाही, तेवढ्या वेळात लाट कोसळते.

वळण्याची रीतही वेगळी. लाँगबोर्डला बहुधा आठ ते दहा इंचांची एक मोठी फिन, म्हणजे शेपटीखालचं पातं, असते, कधी बाजूला दोन लहान. वळायचं तर शेपटीकडे पाऊल मागे घ्या, वेग हवा तर पुढे चाला. शॉर्टबोर्डवर मागचा पाय फिनच्या वरच हवा. तीन फिनची आजची रूढ मांडणी, म्हणजे थ्रस्टर, ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१मध्ये मोठ्या स्पर्धा जिंकून मान्य करून घेतली. त्याआधी १९६६च्या सॅन दिएगोतल्या जागतिक स्पर्धेत नॅट यंग नऊ फुटांहून लांब बोर्डावर जिंकला होता. म्हणजे लांब बोर्ड हे केवळ शिकण्याचं साधन, हा समज चुकीचा आहे.

आत जाताना फेसाची भिंत आली तर शॉर्टबोर्ड दाबून लाटेखालून नेता येतो. लाँगबोर्ड बुडत नाही. त्याच्या कडा घट्ट धरा, लाट पोचायच्या क्षणभर आधी बोर्डासकट उलटे व्हा, बोर्ड छातीशी ओढून ठेवा आणि फेस गेल्यावर पुन्हा सुलटे व्हा. बोर्ड सोडून डुबकी मारू नका. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारा दोर, बोर्डाएवढाच लांब असतो; नऊ फुटी बोर्ड आणि नऊ फुटी लीश मिळून मागच्या माणसाला पाच मीटरवरूनही लागू शकतो.

लाँगबोर्डवाल्याला प्रत्येक लाट आधी मिळते. म्हणून प्रत्येक लाट घ्यायची नसते. फुटण्याच्या जागेच्या सर्वांत जवळ जो, त्याचा हक्क पहिला.

लहान बोर्डाकडे जाताना एका वेळी फूट-दीड फूट आणि दहा-पंधरा लिटर, एवढंच कमी करा. नऊनंतर साडेसात, मग फिश म्हणतात तो रुंद शेपटीचा साडेसहा फुटी बोर्ड. दहांपैकी सात लाटांवर डावी-उजवीकडे दोन्ही बाजूंना जाता येत नसेल, तर अजून थांबा. एकदम सहा फुटांवर उडी मारली की आठवड्याला मिळणाऱ्या लाटा निम्म्याहून कमी होतात, आणि सराव लाटांवरच होतो.

वॅक्स आपल्याकडच्या कोमट पाण्यासाठी ट्रॉपिकलच घ्या, थंड पाण्याचं वॅक्स उन्हात वितळून चिकट होतं. जुना बोर्ड घेताना अंगठ्याने वरची बाजू दाबत जा. टाचेचे उथळ खळगे असतील तर हरकत नाही. जिथे मऊ लागेल किंवा पिवळट-तपकिरी डाग पसरलेला दिसेल, तिथे आत पाणी गेलेलं असतं. फिन हाताने हलवून बघा. बुडाशी बारीकशी भेग उघडत असेल, तर तो बोर्ड स्वस्तातही घेऊ नका.