द्राक्षांच्या हंगामाआधी पिकअपचा टॅक्स बघून घ्या

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची काढणी सुरू झाली की पिकअपला उसंत मिळत नाही, आणि मालकाला कागद बघायला वेळ मिळत नाही. म्हणून ही तयारी दिवाळी झाली की हाती घ्या आणि सुरुवात टॅक्सपासून करा. बहुतेक जण आधी विमा आणि पीयूसी बघतात, टॅक्स शेवटी आठवतो. क्रम उलटा हवा, कारण टॅक्स थकला की बाकीचे कागद एकापाठोपाठ अडतात.

थकबाकी घरबसल्या कळते. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे. ओटीपी मात्र आरटीओकडे नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. गाडी घेताना शोरूमवाल्याने किंवा एजंटाने स्वतःचाच नंबर दिला असेल, तर आधी तो बदलून घ्या. मग टॅक्स कोणत्या तारखेपर्यंत भरलेला आहे ते पाहा. एकरकमी भरला असेल तर काळजी नाही. वार्षिक असेल तर ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तारीख उलटून गेली असेल तर आजच भरा. महाराष्ट्रात थकलेल्या टॅक्सवर दरमहा 2 टक्के व्याज लागतं. वीस हजार थकले तर महिन्याला चारशे, वर्षाला चार हजार आठशे रुपये वर. पण व्याजापेक्षा मोठा धोका पासिंगचा, म्हणजे फिटनेस तपासणीचा आहे. टॅक्स बाकी असताना फिटनेसचं नूतनीकरण होत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 प्रमाणे फिटनेस नसलेल्या व्यावसायिक गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. म्हणून फिटनेसची तारीखही याच बैठकीत बघा. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षं उलटली की पर्यावरण करही लागतो, त्याचे पैसे बाजूला काढून ठेवा.

ई-चलान वेगळं आणि टॅक्स वेगळा, हे ड्रायव्हरलाही समजावून सांगा. लोकअदालतीत दंड कमी करून भरला म्हणजे गाडी मोकळी झाली असं अनेकांना वाटतं. टॅक्सची बाकी तशीच राहते, व्याजासकट.

आरटीओच्या फिरत्या वायुवेग पथकाने गाडी थांबवली आणि टॅक्स थकलेला निघाला, तर ती अटकावून ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे. गाडी एसटी आगारात नाहीतर पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते, आणि पैसे भरून पावती दाखवल्याशिवाय हलत नाही. मागे क्रेटमध्ये द्राक्षं असतील तर शेतकऱ्याचा वर्षभराचा घाम तिथे उन्हात तापतो. हे टाळता येण्यासारखं असताना होऊ देणं मला अजिबात पटत नाही. तेव्हा पावती, आरसी, फिटनेस, परमिट, विमा आणि पीयूसी ड्रायव्हरच्या फोनमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर असू द्या. तिथले कागद कायद्याने चालतात. तरी पावतीची एक प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, सुरगाण्याच्या घाटात रेंज जाते.

बाकी वर्षानुवर्षं तशीच राहिली तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, आणि अटकावलेल्या गाडीचा लिलावही होतो. जुनी पिकअप विकत घेत असाल तर व्यवहाराआधीच बाकी तपासा. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडते, आणि ती भरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. सिल्वासा किंवा गुजरातमध्ये नोंदलेली गाडी स्वस्त दिसते, पण ती बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून इथला नंबर घ्यावा लागतो, आणि टॅक्सही इथे भरावा लागतो. तिकडे भरलेल्या एकरकमी टॅक्सचा उरलेला भाग तिकडच्याच आरटीओकडून परत मागायचा असतो. त्यासाठी मूळ पावती जपून ठेवा.

पावसाळ्यात किंवा इंजिनाच्या कामासाठी गाडी काही महिने उभीच राहणार असेल, तर ती उभी करण्याआधी नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत वापर बंद असल्याची लेखी सूचना द्या आणि गाडी कुठे उभी आहे तो पत्ताही लिहा. आधी कळवलं तर त्या काळाच्या टॅक्समधून सूट मागता येते. नंतर जाऊन "गाडी उभीच होती हो" असं सांगून भागत नाही. सूचनेच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घ्या.